वीस ग्रॅमची मुंबई-पुणे

जुलाब लागलेल्या बाळाचं दुपटं बदललं, हात पदराला पुसले आणि त्याच हातानं थोरल्याला वरणभाताचा घास भरवला. नखाच्या कडेला काही राहिलं होतं. दिसलंच नाही. ते न दिसलेलं आता मोजू या!

रोटाव्हायरसची लागण झालेल्या बाळाच्या एक ग्रॅम शीत दहा हजार कोटी विषाणू असू शकतात. आपल्या जुन्या मोजणीतला निखर्व! सेकंदाला एक मोजून आज संपवायचे, तर इसवीसनाच्या हजार वर्षांहून आधी मोजायला बसायला हवं होतं. एकेक विषाणू मिलिमीटरच्या साधारण तेरा हजाराव्या भागाएवढा. तरी एका ग्रॅममधले सगळे ओळीनं लावले, तर चर्चगेटहून निघालेली रांग जवळपास लोअर परळ गाठते. आणि चार चमचे, म्हणजे वीस ग्रॅम घेतले तर? दीडशे किलोमीटर. थेट पुणं!

दुसरं मूल आजारी पडायला मात्र शंभरसुद्धा पुरतात. त्यांची रांग केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी! म्हणजे नखातला एक मिलिग्रॅम दहा लाख मुलांना पुरेल. वर उघड्यावरचा संडास, गढूळ विहीर, न उकळलेली दुधाची बाटली. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, रोटाव्हायरसची लस आणि साबणानं धुतलेले हात यांचं मोल इथे कळतं.

जगात दरवर्षी मुलांना १७० कोटी वेळा जुलाब होतात. सेकंदाला चोपन्न! पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुलं त्यात दगावतात. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोहोचेपर्यंत दीडशेहून जास्त. स्लीपरचे दोन डबे भरून मुलं! आणि आठ किलोच्या बाळाचा जीव धोक्यात यायला अंगातलं पाणी किती जावं लागतं? ८०० मिलिलिटर. लिटरची बाटलीही भरत नाही हो!

आता दुसरे वीस ग्रॅम पाहा. आशाताई देतात ते ओआरएसचं पाकीट: साखर आणि क्षार मिळून साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. शंभरात तीस दगावत होते, ते चारच्याही खाली आले! त्यानंतर जगभर या पाण्यानं पाच कोटींहून अधिक जीव वाचवले, असा अंदाज आहे. बसवा त्यांना गाडीत. ७२ बर्थचा डबा, २२ डब्यांची गाडी. साडेएकतीस हजार गाड्या लागतील! एकीमागे एक लावल्या तर मुंबई-पुण्याचे रूळ ऐंशी वेळा भरतील, आणि बर्थागणिक एक वाचलेला जीव, बहुतेक लहान मुलं.