प-ट-क

दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या काकांच्या घरी, आठवड्यातून दोनदा सकाळी अकराला स्पीच थेरपिस्ट बाई येतात. "अंकल जी, शुरू करें?" म्हणत टेबलावर आरसा ठेवतात. सुरुवात एका श्वासातल्या लांब 'आऽऽ'ने होते. काकांचा 'आ' सरळ जात नाही; हेलकावतो, मध्येच चढतो, बुडतो. मग 'प-ट-क, प-ट-क' भरभर म्हणायचं. धडधाकट माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरं सहज काढतो. काकांची दोन-तीनच निघतात, तीही सारख्या अंतराने नाहीत. कधी 'प' फुटाण्यासारखा उडतो, कधी 'ट' रेंगाळतो.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या लहान मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर असलेला हा भाग आकाराने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी इथेच असतात. श्वास कधी सोडायचा, ओठ कधी मिटायचे, जीभ किती जोराने उचलायची, याचा मेळ लहान मेंदू घालतो. तो बिघडला की शब्द आठवतात, अर्थ कळतो, फक्त ताल सुटतो. पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या डॉक्टरांनी तपासले आणि १९१७ साली त्यांच्या बोलण्याचं वर्णन केलं: संथ, एकसुरी, तुटक, मधूनच स्फोटासारखं. काका बोलतात तेव्हा मला तेच ऐकू येतं.

बाई काकांना बोटाने टेबलावर ठेका धरायला लावतात, पण अक्षरागणिक नाही. अक्षरागणिक ठेका धरला तर आधीच तुटणारं बोलणं आणखी तुटेल. म्हणून एका ठोक्याला शब्दांचा एक गट, मग श्वास. बाईंना मराठी येत नाही, पण सराव रोजच्या भाषेतच हवा, असा त्यांचा आग्रह. वाक्यं काकू लिहून देतात. "मी उद्या बँकेत जाणार." आधी 'मी'वर जोर, मग 'उद्या'वर, मग 'बँकेत'वर. तेवढ्यात विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून जातं. आवाजावर मात करायला गेलं की काकांचा सूर फुटतो, म्हणून बाई हात वर करून थांबवतात. घरघर ओसरली की पुन्हा पहिल्यापासून. तीन महिन्यांनी परवा ते वाक्य तीनही तऱ्हांनी, न फुटता आलं. काकूंनी वही मिटली आणि डोळे पुसले.

घराबाहेर मात्र अजून कठीण आहे. पत्ता सांगताना एका ऑटोवाल्याने "पी रखी है क्या?" असं विचारलं. काका आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. त्या दिवसापासून ते एकटे बाहेर पडत नाहीत. आजाराने घेतलं नव्हतं एवढं त्या एका प्रश्नाने घेतलं.

म्हणून दोन गोष्टी सांगते. कुणाची जीभ अचानक जड झाली, तोल जाऊ लागला, तर झोपून बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लगेच मोठं रुग्णालय गाठा. आणि असं तुटक बोलणारं कुणी भेटलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला ते ठाऊक असतं. तेवढा वेळ थांबा.