किरणोपचार आणि घरगुती काढे

घरांत कोणास कर्करोग झाला आणि किरणोपचार सुरू झाले, कीं माजघरांत निराळीच खटपट सुरू होते. कोणी हळदीचें चूर्ण सुचवितो, कोणी काढ्याची कृति लिहून पाठवितो. "झाडपाल्यानें अपाय तो कसला व्हावयाचा?" असें वडीलधारीं माणसें म्हणतात. ह्या धडपडीमागें माया आहे, हें निर्विवाद. परंतु मायेनें दिलेलें द्रव्यहि पारखूनच घ्यावें लागतें.

वनस्पति आणि किरणोपचार यांचें कांहीं वैर नाहीं. पॅसिफिक यू नांवाच्या वृक्षाच्या सालींत प्रथम सांपडलेलें पॅक्लिटॅक्सेल हें औषध आज किरणोपचारांच्या जोडीस देतात. हॉलंडांत अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ३६६ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्मे रुग्ण २४ महिन्यांहून अधिक जगले. शस्त्रक्रियेपूर्वीं किरणांसह पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन मिळालेल्यांत हाच काळ ४९ महिन्यांवर गेला. मात्र तें औषध शुद्ध केलेलें व मोजून दिलेलें होतें.

आतां हळदीकडे वळूं. अमेरिकेंत स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांच्या प्रयोगांत, रोज ६ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांची त्वचा किरणांनीं कमी पोळल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें. आशा वाढली. पुढें ६८६ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला. २०१८ सालच्या त्याच्या निष्कर्षांत उपचारांच्या अखेरीस लक्षणीय फरक दिसला नाहीं.

अपायाची शंकाहि निराधार नाहीं. किरणांमुळें पेशींतील पाण्याचें विघटन होऊन अत्यंत चंचल कण उत्पन्न होतात व ते रोगट पेशींवर आघात करितात. अनेक वनस्पतिद्रव्यें हेच कण शमवितात. जें कवच निरोगी त्वचेस मिळेल, तेंच रोगासहि मिळालें तर?

म्हणून रुग्णास जें जें द्यावयाचें, त्याची यादी प्रथम डॉक्टरांपुढें ठेवावी. चोरून कांहींहि देऊं नये. आमटीभाजींतील चिमूटभर हळदीची गोष्ट निराळी. चूर्णें, गोळ्या आणि अर्क यांची निराळी. रुग्णाच्या उशाशीं बसणें, त्यास रुचेल तें मऊ अन्न करून घालणें आणि उपचारांचा एकहि दिवस चुकूं न देणें, ह्यांत घरच्यांच्या मायेस पुरेसें काम आहे.