विश्लेषण : गोव्याचा कौल १९६७ – मुंबईतल्या गोवेकरांना मत का नव्हते?

गोव्यात १६ जानेवारी हा ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा होतो. १९६७ मध्ये याच दिवशी गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, याचा कौल दिला. पण पोटासाठी मुंबईत आलेल्या हजारो गोवेकरांना त्यात मत नव्हते. का?

कौल नेमका काय होता?
१९ डिसेंबर १९६१ रोजी ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने होता, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात. पर्याय दोनच. विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. विशेष म्हणजे विलीनीकरणाविरुद्ध जोरदार प्रचार करणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते.

मुंबईकर गोवेकर बाहेर का?
मतदान गोव्यातल्या मतदार यादीवर झाले. बाहेरच्या गोवेकरांनाही मत द्या, ही मागणी मान्य झाली नाही.

मुंबईत गोवा कुठे होता?
धोबीतलाव परिसरातल्या ‘कुडीं’मध्ये. लालबाग-परळला कोकणातल्या गावकीच्या खोल्या, तशा या गोव्यातल्या गावांच्या खोल्या. बोटीवर काम करणारे, स्वयंपाकी, वादक इथे उतरत. ट्रंकेपुरती जागा, कमी भाडे आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. पहिले कोकणी तियात्रही १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच झाले.
गोव्याचे हिंदू मात्र गिरगाव-दादरच्या मराठी जगात मिसळले. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशननेच ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. त्यामुळे ‘मुंबईच्या गोवेकराचे मत’ एकच असते, असेही म्हणता येत नाही.

मग पोर्तुगीज काळाची ओढ कशाला?
काहींना ते संगीत, ती भाषा, ती घरे आठवतात. काहींना आठवते सालाझारची सेन्सॉरशिप आणि सभाबंदी. ती मोडायलाच १८ जून १९४६ रोजी लोहिया मडगावला उभे राहिले होते.
आजची ओढ बरीचशी व्यवहाराची आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुले आणि नातवंडे पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व मागू शकतात. त्या पासपोर्टवर युरोपात नोकरीची दारे उघडतात.

किंमत काय?
भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते आणि मताचा हक्कही. १९६७ मध्ये मुंबईच्या गोवेकराला मत मिळाले नाही, कारण तो गाव सोडून आला होता. आज त्याचा नातू मत सोडून पुढे निघाला आहे. कारण तेव्हाही पोटाचे होते, आजही पोटाचेच आहे.