सडपातळ लॅपटॉपच्या पिढ्या : बाह्यरूप आणि अंतरंग

भिलाई पोलाद कारखान्याची वार्षिक क्षमता १० लाख टनांवरून २५ लाख आणि पुढे ४० लाख टनांवर गेली, तेव्हा विस्ताराचा प्रत्येक टप्पा नव्या झोतभट्ट्यांच्या रूपाने सर्वांच्या नजरेस पडत होता. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र असे होत नाही. बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसणारी दोन यंत्रे आतून सर्वस्वी भिन्न असू शकतात. पाल्याच्या शिक्षणासाठी लॅपटॉप, विशेषतः वापरलेला लॅपटॉप, घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी हा फरक जाणून घेणे हिताचे आहे. ॲपल कंपनीच्या ‘मॅकबुक एअर’च्या आधारे तो पाहू.

पिढ्यांचा प्रवास

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून काढून दाखविलेला पहिला एअर १.३६ किलो वजनाचा आणि सर्वांत जाड भागी १.९४ सेंटीमीटरचा होता. या सडपातळपणासाठी सीडी ड्राइव्ह वगळण्यात आला, यूएसबीची जागा एकच उरली आणि मेमरी वाढविण्याची सोय राहिली नाही. किंमत होती १,७९९ डॉलर.

ऑक्टोबर २०१० च्या पिढीने फिरती हार्ड डिस्क सोडून केवळ फ्लॅश स्मृती स्वीकारली. त्यामुळे यंत्र चटकन सुरू होऊ लागले आणि डिस्कला हादरा बसण्याची भीती संपली. ११ इंची एअरची किंमत ९९९ डॉलरपर्यंत उतरली. २०१३ मध्ये कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरमुळे १३ इंची एअरची बॅटरी, कंपनीच्या दाव्यानुसार, ७ ऐवजी १२ तास टिकू लागली.

२०१८ मध्ये अधिक सुस्पष्ट पडदा आणि बोटाच्या ठशाने ओळख पटविण्याची सोय आली. मात्र साठवणुकीची चिपही मुख्य पट्टिकेवर कायमची जोडली गेली. म्हणजेच खरेदीच्या वेळी जी क्षमता घेतली, तीच अखेरपर्यंत.

खरा सांधा बदलला तो २०२० मध्ये. त्या वर्षी दोन एअर बाजारात आले : मार्चमध्ये इंटेल प्रोसेसरचा आणि नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या ‘एम-१’ चिपचा. दोहोंची जाडी १.६१ सेंटीमीटर आणि वजन १.२९ किलो. परंतु पहिल्यात पंखा आहे, तर दुसऱ्यास पंख्याची गरजच उरली नाही. इंटरनेट वापरासाठी बॅटरीचा दावा ११ तासांवरून १५ तासांवर गेला. पुढे २०२२ च्या ‘एम-२’ने निमुळता आकार सोडून जाडी १.१३ सेंटीमीटरवर आणली, तर २०२५ च्या ‘एम-४’मध्ये किमान मेमरी १६ जीबी आहे, पहिल्या एअरमध्ये ती २ जीबी होती. जाडी एवढी घटूनही १३ इंची यंत्राचे वजन मात्र पहिल्यापेक्षा जेमतेम सव्वाशे ग्रॅमच कमी झाले आहे.

आर्थिक बाजू

‘२०२० चा एअर’ एवढ्या वर्णनावर व्यवहार करू नये. २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही कार्यप्रणाली इंटेलच्या कोणत्याही एअरला लागू नाही. जुन्या कार्यप्रणालीस सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे काही काळाने थांबते, आणि अशा यंत्रावर नेट बँकिंग करणे जोखमीचे ठरते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडल्यास चिप कोणती हे तत्काळ कळते. मूळ बिल मागावे आणि पूर्वीच्या मालकाने आपले खाते यंत्रातून काढले आहे याची खातरजमा करावी.

मूल्यऱ्हासही ध्यानी घ्यावा. आयकरासाठी संगणकावरील घसाऱ्याचा दर २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ६० वरून ४० टक्क्यांवर आला. या दराने १ लाख रुपयांच्या यंत्राचे पुस्तकी मूल्य वर्षाअखेर ६०,०००, दुसऱ्या वर्षी ३६,००० आणि तिसऱ्या वर्षी २१,६०० रुपये उरते. बाजारभाव याहून वेगळा असू शकतो. तरीही यंत्र निकामी झाल्यावर हप्ते चालू राहू नयेत, एवढी काळजी परतफेडीची मुदत ठरविताना घ्यावी. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास वाजवी किमतीच्या संगणकाचा खर्च समाविष्ट होऊ शकतो. त्याबाबत शाखेत अवश्य विचारणा करावी.

भिलाईच्या उन्हाळ्यात

उत्पादकाने एअरच्या वापरासाठी ठरविलेली तापमान मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात येथील पारा चाळिशी सहज ओलांडतो. पंखा नसलेली चिप तापू लागली की स्वतःचा वेग कमी करते. म्हणून यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये.

सारांश, जाडी डोळ्यांना दिसते. पण यंत्राचे उर्वरित आयुष्य चिप, मेमरी आणि कार्यप्रणाली ठरवितात. किमतीची घासाघीस करण्यापूर्वी या तीन गोष्टी पाहिल्या, तर कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी लागेल.