आधी माप, मग विमान

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन हे गाव ‘पायपर जे-३ कब’ या दोन आसनी पिवळ्या विमानामुळे ओळखले जाते. १९४७ पर्यंत अशी सुमारे २०,००० विमाने तयार झाली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, सुमारे ३५ फुटांचा पंखविस्तार आणि अवघ्या ६५ अश्वशक्तीचे इंजिन, अशी त्याची साधी रचना. त्यांतील अनेक विमाने आजही उडतात. तेथील नियमांनुसार परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालकाला स्वतः काम करता येते. त्यामुळे कित्येक विमानांचा जीर्णोद्धार घरच्या गॅरेजमध्येच होतो.

या कामात महागड्या हत्यारांपेक्षा घरी बनविलेल्या ‘जिग’चे मोल अधिक असते. जिग म्हणजे वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा. गंजलेली नळी कापून नवी जोडताना वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा वाकण्याचा धोका असतो. म्हणून कापण्यापूर्वीच तो भक्कम चौकटीत जखडतात. पुढे-मागे दोन फिरते आधार लावले की संपूर्ण सांगाडा हवा तसा कलता करता येतो आणि पोटाखालचे काम उभ्याने होते.

पंखाचा काटकोन तपासण्याचे साधन तर याहून सोपे आहे. लाकडी पट्टीवर सरकणारी दोन टोके बसवायची आणि पंखातील प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण ताडून पाहायचे. ते समान भरेपर्यंत आतल्या तारा कमी-अधिक ताणायच्या. येथे आकड्यांचीही गरज भासत नाही.

कापड ताणण्यासाठी घरातील इस्त्री चालते. पॉलिएस्टरचे कापड प्रथम सुमारे १२१ आणि शेवटी १७७ अंश सेल्सिअसला आकसवून घट्ट करतात. इस्त्रीच्या चकतीवरील खुणांवर मात्र विसंबता येत नाही. तापमापकाने पडताळून नव्या खुणा कराव्या लागतात. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर कापडाचा ताण कायमचा बिघडतो. त्यानंतर पंख उभा करून दोन्ही बाजूंना दोघे बसतात आणि लांब सुई आरपार देत-घेत मेण लावलेल्या दोऱ्याने कापड आतल्या फासळ्यांना शिवतात. दोन टाक्यांतील अंतर पट्टीवर आधीच आखलेले असते. या कामात घरातील माणसेही सहज हातभार लावतात.

कापड चढण्यापूर्वी उघड्या सांगाड्याची तपासणी होते, कारण एकदा कापड चढले की आतील बहुतेक दोष दृष्टीआड होतात. मात्र जिगच वाकडी असेल, तर त्यावर घडलेली प्रत्येक फासळी सारखीच वाकडी निघते आणि शेजारच्या फासळीशी ताडून पाहिल्यास ती बिनचूक भासते. म्हणून जाणकार मालक पहिली फासळी घडविण्याआधी जिगच तपासतो. तराजूचा काटा सरळ आहे की नाही, हे माल तोलण्यापूर्वीच पाहायचे असते, हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको. येथे तर त्या काट्यावर विमानात बसणाऱ्या दोघांचे प्राण अवलंबून असतात.