आधी हात, मग पिस्तूल

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळाली. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे, रायफलमधले. उरलेली दोन मनू भाकरच्या एअर पिस्तुलाची. त्यातले दुसरे सरबज्योत सिंगच्या जोडीने. तेव्हापासून आमच्या बंगळुरूतल्या बसवनगुडीत, गांधी बझारापासून गवीपुरापर्यंत, नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या घरी एकच प्रश्न चर्चेत असतो. मुलगी वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव करते आहे, गुण वाढताहेत. आता स्वतःचे पिस्तूल घ्यायचे का? आणि एवढे पैसे घालायचेच तर सरळ तिच्या हाताच्या मापाचे बनवून का घेऊ नये?

स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ ही स्पर्धेच्या एअर पिस्तुलांची नेहमीची नावे. सगळी परदेशी, आणि किंमत लाखाच्या पुढे. मध्यमवर्गीय घरात हा निर्णय उगाच घेतला जात नाही. म्हणूनच पैसा नेमका कशासाठी मोजायचा, ते आधी समजून घ्यायला हवे.

दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत चूक माफ. आता दोन प्रकारच्या चुका पाहा. हात सरळच्या सरळ तीन मिलिमीटर बाजूला डोलला, तर छर्राही तीनच मिलिमीटर बाजूला जातो; दहा कायम. पण मनगट किंचित वळले आणि मागच्या साइटच्या (नेम धरण्याच्या खुणेच्या) खाचेत पुढची साइट एक मिलिमीटरने सरकली, तर? दोन्ही साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. दहा मीटरवर ती चूक तीस पटीने वाढते आणि छर्रा केंद्रापासून तीस मिलिमीटरवर, म्हणजे सातात जाऊन बसतो. नवखा नेमबाज हात थरथरतो म्हणून रडकुंडीला येतो; खरा घात मात्र त्या एका मिलिमीटरने केलेला असतो.

या एका मिलिमीटरचा बंदोबस्त मूठ करते, जिला सगळे नेमबाज ग्रिप म्हणतात. नळी, झडप, सिलिंडर कारखान्यातून येतात आणि चांगल्या कंपन्यांच्या पिस्तुलांत त्यांच्या अचूकतेत शिकाऊ मुलाला जाणवेल असा फरक नसतो. फरक पडतो तो अक्रोडाच्या लाकडाच्या त्या तुकड्याने. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, डोळे उघडावेत आणि दोन्ही साइट आपोआप एका ओळीत दिसाव्यात, अशी मूठ हवी. तसे होत नसेल तर प्रत्येक नेमाला मनगट जोर लावून दुरुस्ती करते. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम असतात. चाळिसाव्या नेमापाशी ते मनगट थकते आणि गुणफलकावर ते लगेच दिसते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पिस्तूल नेहमीचेच घ्यावे, जमल्यास वापरलेले, मापाची करून घ्यायची ती मूठ, आणि तीही पकड पक्की झाल्यावर. शिकाऊ नेमबाजाची पकड सहा-सहा महिन्यांनी बदलते. अंगठा कुठे टेकवायचा, तळहाताचा दाब किती, हे ठरायचे असते. आज घेतलेला हाताचा साचा म्हणजे आजच्या चुकांचाही साचा. चौदा वर्षांच्या मुलीचा तर हातच वाढत असतो. मुठी लहान-मोठ्या मापांत तयार मिळतात, खालचा आधार वर-खाली सरकवता येतो. सुरुवातीची दोन वर्षे लाकडाची पुट्टी आणि पॉलिश पेपर यांवर काम भागते. कुठे टोचते तिथे घासायचे, कुठे पोकळ वाटते तिथे भरायचे. यातून मूल स्वतःचा हात ओळखायला शिकते. हे शिक्षण मला महागड्या साच्यापेक्षा मोलाचे वाटते.

घासताना नियमांचे भान हवे. मनगटाला आधार मिळेल किंवा हाताला वेढून बसेल अशी मूठ चालत नाही. पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत, आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. तपासणीच्या टेबलावर ट्रिगरला वजन लटकवून पाहतात. घरी उत्साहाने ट्रिगर हलका करून ठेवलेली मुले इथे अडकतात.

पिस्तूल निवडताना दुरुस्तीचा विचार किमतीच्याही आधी करावा. २५ जुलै २०२१ला टोकियोत मनूच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ऐन पात्रता फेरीत बिघडला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला, उरलेले नेम घाईने मारावे लागले. तिचे ५७५ गुण झाले, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ऑलिंपिकच्या चमूबरोबर निदान जाणकार माणसे तरी असतात. राज्यस्पर्धेला निघालेल्या मुलीबरोबर फक्त आई किंवा बाबा असतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख चालतो, पण पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिक ट्रिगरच सुचवेन. आणि तुमच्या क्लबात ज्या कंपनीची पिस्तुले जास्त, तीच घ्या. ऐन वेळी सुटा भाग उसना मिळतो.

वापरलेले पिस्तूल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षे उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारचा दाब असलेल्या वस्तूच्या बाबतीत हा नियम पाळण्यातच शहाणपण आहे.

कायद्याची बाजू एअर पिस्तुलापुरती सोपी आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतचे, २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेचे एअर पिस्तूल बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही. पण नेमबाज राही सरनोबतसारखे २५ मीटर पिस्तुलाकडे वळायचे तर .२२चे पिस्तूल, परवाना आणि कागदपत्रांचा मोठा प्रवास आला. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊच नये.

आता प्रश्न उरतो सल्ला कुणाला विचारायचा याचा. एप्रिल २०१३च्या चांगवॉन विश्वचषकात कोल्हापूरच्या राहीने २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकले, तेव्हा त्याच स्पर्धेत बंगळुरूच्या प्रकाश नंजप्पांनी एअर पिस्तुलात कांस्य मिळवले. दहा वर्षांनी, मे २०२३मध्ये, बाकूच्या विश्वचषकात बंगळुरूच्याच दिव्या टी. एस. यांनी सरबज्योतबरोबर मिश्र सांघिक सुवर्ण पटकावले. म्हणजे या खेळासाठी आपल्या मुलांना दूर पाठवायची गरज नाही. विचारायला जाणकार माणसे याच शहरात आहेत.

मग घ्यायचे कधी? माझी कसोटी गुणांची नाही, छर्ऱ्यांच्या घोळक्याची आहे. सलग काही आठवडे छर्रे एकाच जागी जमत असतील, भले ती जागा केंद्रापासून बाजूला असो, तर हात ठरला असे समजावे. बाजूचे अंतर साइटचा स्क्रू फिरवून भरून निघते. छर्रे चौफेर विखुरत असतील तर क्लबचेच पिस्तूल आणखी काही महिने पुरेसे आहे. आणखी एक पाहावे. क्लबचे पिस्तूल घरी आणता येत नाही, त्यामुळे कोऱ्या भिंतीसमोर छर्ऱ्याविना ट्रिगर दाबण्याचा रोजचा सराव होत नाही. मुलगी तो सराव रोज वीस मिनिटे करायला खरोखर तयार असेल, तर पिस्तूल घेण्याचे याहून सबळ कारण मला दुसरे दिसत नाही.