मुक्या जनावराची जबानी

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपले दुखणे स्वमुखाने सांगतो. जनावरास वाचा नाही. त्याची जबानी धन्यानेच द्यावयाची असते. ती अपुरी किंवा खोटी असली, तर कुशल पशुवैद्याचाही तर्क चुकतो.

आमच्या गावी एका अवर्षणाच्या साली घडलेली गोष्ट आहे. एका शेतकऱ्याचे दोन बैल पहाटे दावी तोडून शेजाऱ्याच्या कोवळ्या ज्वारीत शिरले. घरी आणताच ते धापा टाकू लागले व थरथरू लागले. डॉक्टर जवळच असल्यामुळे लागलीच आले. “काय खाल्ले?” असे त्यांनी विचारता, शेजाऱ्याशी तंटा होईल या भयाने धनी म्हणाला, “रोजचाच कडबा.” विचारपूस चालू असतानाच एक बैल कोसळला. तेव्हा धन्याच्या मुलाने खरा प्रकार सांगितला. पावसाच्या ताणात वाढलेल्या, पोटरीपूर्वीच्या ज्वारीत सायनाइडचे विष उत्पन्न होते; यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. डॉक्टरांनी त्यावरील सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन शिरेतून दिले व दुसरा बैल वाचला. पहिला मात्र एका असत्यापायी गेला.

यास्तव डॉक्टर येताच पुढील गोष्टी क्रमाने सांगाव्या. दुखणे केव्हा व कसे सुरू झाले; रवंथ केव्हा थांबले; शेण, लघवी व दूध यांत काय फरक पडला. चारा बदलला काय, धान्य अधिक खाण्यात आले काय, औषध फवारलेल्या पिकात जनावर चरले काय. गाय असल्यास वेत कितवे व ती केव्हा व्याली, हे अवश्य सांगावे. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत गाय बसून मान कुशीकडे टाकू लागली, तर नुसत्या तारखेवरून दुग्धज्वराचा संशय येतो व कॅल्शियम वेळीच देता येते. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांच्या लसी केव्हा टोचल्या, बाजारातून नवे जनावर आणले काय, कुत्रे चावले होते काय, हेही सांगावे. घरगुती उपाय किंवा दुसऱ्याचे औषध दिले असल्यास ते किती व केव्हा दिले, हे लपवू नये.

जमिनीची नोंद आपण दक्षतेने ठेवतो. तशीच गोठ्यातील प्रत्येक जनावराची एक वही ठेवावी. कारण संकटसमयी स्मरण दगा देते, लिहिलेले देत नाही.